मोठ्या माणसाची सुई

इस्पितळाच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागच्या अंगाला एक विभाग होता. तिथे किरणोत्सारी औषध टोचून शरीराच्या आतले फोटो काढत. तिथे एक बाई कामाला होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. भौतिकशास्त्र शिकून आलेल्या होत्या. कुणाच्या अंगात किती किरण गेले, त्यातले कुठल्या अवयवाच्या वाट्याला किती आले, याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. सगळं इस्पितळ त्यांना मोजणीबाई म्हणायचं, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. ‘निदान रडूबाई तरी म्हणत नाहीत,’ असं त्या म्हणायच्या.

मोठ्या माणसांच्या तपासणीत त्या फारसं नाक खुपसत नसत. लहान मूल आलं की मात्र त्या खुर्ची सोडून उठायच्या. मुलाचं अंग वाढीला लागलेलं असतं, किरणांचा मार त्याला जास्त बसतो, आणि बसलेला मार पुढे कधीतरी रोग होऊन उगवायला त्याच्यापुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं. म्हणून मुलाचं औषध वजनावरून ठरवायचं आणि होता होईल तो कमी द्यायचं. ‘फोटो ओळखू आला म्हणजे झालं, तो काय चौकटीत लावायचाय?’ हे त्यांचं वाक्य विभागात सगळ्यांना पाठ होतं. लंबू तर त्यांची हुबेहूब नक्कल करायचा.

लंबू म्हणजे तिथला तंत्रज्ञ. औषध भरणं, टोचणं, कॅमेऱ्याखाली पेशंटला झोपवणं, सगळं तोच करायचा. इतका उंच की औषधाच्या खोलीत शिरताना रोज मान वाकवायचा आणि तरी आठवड्यातून एकदा कपाळमोक्ष करून घ्यायचा. हात मात्र हलका. रडणारी पोरं त्याच्या पुढ्यात गप्प व्हायची.

त्या सकाळी हाडांच्या फोटोसाठी एक मुलगी आली होती. चार-साडेचार वर्षांची, काडीसारखे हातपाय, आणि एका पायानं लंगडत असूनही एका जागी बसेल तर शपथ. आई तिला भिंगरी म्हणत होती, म्हणून मग सगळेच म्हणायला लागले. पाय दुखतो, रात्री रडून उठते, भूक मेली आहे, मधूनच ताप येतो, असं आईनं सांगितलं. बाप म्हणाला, “पडली असेल कुठेतरी. ही सांगते थोडीच!” आणि गाडी नीट लावून बाहेरची दोन कामं उरकायला गेला.

त्याच वेळेला एका आजोबांचाही हाडांचाच फोटो होता. लंबूनं दोघांच्या सुया भरून ठेवल्या. औषध एकच, मात्रा वेगळी. सुई शिशाच्या जाड आवरणात असते, त्यामुळे आत कमी आहे की जास्त ते बाहेरून दिसत नाही. आवरणावरची चिठ्ठी वाचायची असते. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या खोलीतून कुणीतरी हाक मारली, टेबल खाली येत नाही म्हणून. लंबू गेला, टेबल खाली आणलं, परत आला. भिंगरीला हसवत हसवत, तिच्या लक्षातही येणार नाही अशी सुई टोचली. मग आजोबांना आत घेतलं, दुसरी सुई उचलली, चिठ्ठी वाचली आणि तो जागच्या जागी थिजला.

मोजणीबाईंच्या दारात तो आला तेव्हा मान वाकवायचं विसरला होता. चौकट कपाळाला लागली, त्याचंही त्याला भान नव्हतं.

“बाई, आजोबांची सुई पोरीला गेली.”

“सगळी?”

“सगळी.”

 बाईंनी किरण मोजायचं मीटर उचललं आणि त्या निघाल्या.

वाटेत विभागाचे मोठे डॉक्टर भेटले. लंबूनं त्यांनाही तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आधी हिशेब होऊ दे,” ते बाईंना म्हणाले. “नक्की काय झालंय ते हातात आलं की मी स्वतः सांगतो त्यांना. आत्ता आई घाबरून जाईल.”

“घाबरेल. पण मला तिची गरज आहे,” बाई म्हणाल्या. “हे औषध निम्मं हाडात बसेल आणि निम्मं लघवीवाटे जाईल. जाईपर्यंत ते मूत्राशयात साठून राहणार. पोरीनं भरपूर पाणी प्यायलं आणि पुन्हा पुन्हा शू केली, तर तेवढा मार वाचेल. ते आईशिवाय कोण करून घेणार? आणि खोटं कारण सांगून मी तिच्याकडून काही करून घेणार नाही.”

डॉक्टर घुटमळले. मग म्हणाले, “चला. मीही येतो.”

सांगितलं डॉक्टरांनीच. गुळमुळीत न बोलता सांगितलं की चूक आमची आहे, मोठ्या माणसाचं औषध तुमच्या मुलीला गेलं, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं भिंगरीला ओढून कुशीत घेतलं, जणू अजून कुणी काही टोचायला येत होतं.

“आता काय होईल तिला?”

“आज काही होणार नाही,” बाई म्हणाल्या. “उद्याही नाही. धोका आहे तो पुढचा, बऱ्याच वर्षांनंतरचा, आणि तोही थोडासाच. तो किती, ते मी मोजणार आहे. आणि आत्ता आपण दोघी मिळून तो कमी करू शकतो. करायचं?”

आईनं मान हलवली. तिला काहीतरी करायला मिळालं, तेवढ्यानंच ती सावरली.

फोटो काढायला अजून अवकाश होता. औषध हाडांत बसायला तीनेक तास जावे लागतात. तेवढा वेळ मोजणीबाई आणि भिंगरीची आई एका पोरीला पाणी पाजत बसल्या. भिंगरी दोन घोटांत कंटाळली. मग बाईंनी मीटर तिच्यापुढे धरलं. ते कटकट वाजायला लागलं.

“हे बघ, तुझ्या पोटात एक बडबड्या बसलाय. ऐकू येतोय ना?”

भिंगरीचे डोळे मोठे झाले. “काय म्हणतोय?”

“म्हणतोय, मला घरी जायचंय. पाणी पी, शू कर, म्हणजे तो जाईल.”

मग काय! पोरगी गटागटा प्यायची, लंगडत संडासाकडे पळायची आणि परत येऊन पोट पुढे काढून उभी राहायची. “आता बघा, गेला का?” बाई दर वेळी ठरावीक अंतरावरून मीटर धरायच्या, आकडा टिपून घ्यायच्या. भांड्यात धरलेली लघवी लंबू घेऊन जायचा आणि तिच्यात किती औषध उतरलं ते मोजून आणायचा. आकडा खरंच खाली येत होता. बाप परत आला तेव्हा हे सगळं चाललेलं. बायकोकडून ऐकलं मात्र, तो लंबूच्या अंगावर धावून गेला. लंबूनं हात वर केला नाही, मागेही सरकला नाही. डॉक्टर मध्ये पडले म्हणून निभावलं.

पुस्तकातल्या तक्त्यांत एक ठरावीक मूल असतं. पाच वर्षांचं, सरासरी उंचीचं, सरासरी वजनाचं, मूत्रपिंडं, हाडं, यकृत सगळं जिथल्या तिथे. हिशेब एरवी त्या मुलावर करतात. पण भिंगरी त्या मुलापेक्षा बारीक होती, तिचे अवयव एकमेकांना खेटून होते, तिच्या हाडांना तक्त्यापेक्षा जास्त बसणार हे उघड होतं. म्हणून बाईंनी तिची उंची, वजन, छातीचा घेर घेतला, टिपलेले आकडे मांडले आणि ते छापील मूल कापून-ठोकून भिंगरीच्या मापाचं करायला घेतलं.

हे चालू असतानाच भिंगरी कॅमेऱ्याखाली गेली. बाई काचेपलीकडे पडद्यासमोर उभ्या होत्या. औषध जास्त गेल्यामुळे चित्र झपाट्यानं उमटत होतं आणि इतकं स्पष्ट की मुलाचं असं चित्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आधी कवटी आली, मग मणके, फासळ्या, कमरेचं हाड. बाई डॉक्टर नव्हत्या, पण त्यांनी आयुष्यभर हाडांची चित्रं पाहिली होती. मांडीच्या हाडात काळा डाग होता. कमरेत होता. मणक्यांत होते. कवटीत, डोळ्याच्या खोबणीपाशीसुद्धा होता.

मोठे डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. 

“पडली नाहीये ती,” डॉक्टर म्हणाले.

काचेपलीकडून भिंगरीचा आवाज येत होता. “बडबड्या दिसतोय का तिथं?”

पुढच्या दिवसांत पोटाची तपासणी झाली, हाडातला मगज काढून पाहिला. मूत्रपिंडाच्या वरच्या अंगाला गाठ होती आणि ती केव्हाच सगळीकडे पसरली होती. हा मुलांनाच होणारा कर्करोग. गाठ तिथल्या तिथे असताना सापडली तर मुलं बरी होतात, इतकी पसरल्यावर फार थोडी. भिंगरीला वरच्या मजल्यावर वॉर्डात ठेवलं आणि उपचार सुरू झाले.

इकडे चौकशी बसली. लंबूला कामावरून दूर केलं होतं. एका संध्याकाळी मोठे डॉक्टर बाईंच्या खोलीत आले. बाई अजून आकडेमोड करत होत्या.

“अजून चाललंय?” ते म्हणाले. “बाई, खरं सांगू? आता ह्याला काही अर्थ उरला नाही. तुम्ही जो धोका मोजताय तो तीस-चाळीस वर्षांनंतरचा. ती पोर…”

ते थांबले. बाईंनी डोकं वर केलं नाही.

“मी आईला सांगितलंय मोजते म्हणून.”

“आई विसरली असेल.”

“मग मी आठवण करून देईन.”

बोलताना आवाज चढला, हे त्यांच्या लक्षात आलं. डॉक्टर निघून गेले. बाईंना त्यांचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही, उलट तंतोतंत पटत होतं. रात्री अंथरुणावर पडल्या की तेच डोक्यात यायचं: ज्या म्हातारपणाला जपायला आपण इतका आटापिटा करतोय, ते तिला येणारच नाही. पण सकाळी उठून त्या परत तेच आकडे घेऊन बसायच्या. अर्धवट सोडलं तर भिंगरीला आपण आजच पुसून टाकल्यासारखं होईल, असं त्यांना वाटायचं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

हिशेब पुरा झाल्यावर आईबापांना बोलावलं. छोट्या खोलीत चौघं बसली. बाप थोड्या दिवसांतच वाळला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

“त्या सुईनंच झालंय हे,” तो बसता बसताच म्हणाला. “चालत आली होती माझी पोर इथं. उड्या मारत होती.”

“नाही हो,” डॉक्टर म्हणाले. “रोग कितीतरी आधीपासूनचा होता. सुईनं फक्त तो दिसला.”

“तुम्ही असंच म्हणणार!”

डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. बाप ऐकत होता, पण त्याच्या मनाला ते शिवत नव्हतं. बाईंना कळत होतं की त्याला कुणाचीतरी गचांडी धरायला हवी होती. रोगाची धरता येत नाही, लंबूची येते.

मग बाईंनी आपलं सांगितलं. ठरल्यापेक्षा पाचपट औषध गेलं. पाण्यामुळे आणि आईनं घेतलेल्या कष्टांमुळे मूत्राशयाचा मार बराच वाचला. हाडांना बसायचा तो बसला. अशा हजार मुलींना एवढे किरण लागले, तर उभ्या आयुष्यात त्यांतल्या एखादीला, फार तर दोघींना त्यापायी रोग होईल. बाकीच्यांना काही होणार नाही. आकडा अंदाजाचा आहे, थोडं इकडेतिकडे होऊ शकतं.

बाप हसला. ते हसू ऐकवत नव्हतं. “उभ्या आयुष्यात! वा! तुमची कमाल आहे, बाई.” तो उठला आणि दार आपटून बाहेर गेला. डॉक्टर त्याच्यामागे गेले.

आई बसूनच होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग विचारलं, “उभं आयुष्य म्हणजे किती धरलंत तुम्ही?”

बाईंना वाटलं आता हिचाही बांध फुटणार. “ऐंशीच्या पुढे,” त्या हळूच म्हणाल्या. “तशी पद्धत आहे.”

“ऐंशी.” आईनं तो शब्द तोंडात घोळवला. “इथं आल्यापासून सगळे मला आठवड्यांचं सांगतात. पुढचा डोस, पुढचं रक्त. तिच्या ऐंशीचं कुणी बोललं नव्हतं. कसं धरता तुम्ही? सांगा ना.”

“अहो, ते नुसते आकडे…”

“तेच सांगा.”

मग मोजणीबाईंनी सांगितलं. आधी अडखळत, मग सावकाश. आता ती चारची आहे, तर हाडांची टोकं अजून उघडी आहेत, ती वाढतात म्हणून तिथं जास्त धरायचं. दहाची होईल तेव्हा तेवढाच किरण तिला कमी लागेल. बाराव्या-तेराव्या वर्षी ती वयात येईल, तर छाती आणि गर्भाशय वेगळं मोजायचं. तिला मुलं झाली तर त्यांना काही त्रास पोचेल का, तेही पाहिलंय; नाही पोचणार. चाळिशीनंतर धोका थोडा वाढतो, साठीला आणखी, मग तिचे केस पिकतील, गुडघे दुखतील, पण ते वयानं, आपल्या सुईनं नाही.

आई ऐकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “गुडघे माझ्या आईचेही दुखतात,” ती एवढंच म्हणाली.

उपचार लागू पडले नाहीत. सुरुवातीला गाठ थोडी मऊ पडल्यासारखी वाटली, मग पुन्हा उचल खाल्ली. मधल्या काळात भिंगरी फोटोसाठी दोनदा खाली आली. दोन्ही वेळा औषध बाईंनी स्वतः उभं राहून भरून घेतलं, वजन घटलं होतं तसं आणखी कमी करून. नवा तंत्रज्ञ कुरकुरला, आता काय फरक पडतो म्हणून. “तिला फुकटचं काही द्यायचं नाही,” बाई फटकन म्हणाल्या. भिंगरीच्या डोक्यावर केस राहिले नव्हते. कॅमेऱ्याखाली ती निमूट पडून असायची. आता तिला ‘हलू नकोस’ म्हणावं लागत नव्हतं, आणि ते पाहून बाई काचेपाशी थांबायच्याच नाहीत.

एके दुपारी आईचा वॉर्डातून फोन आला. “बाई, वर येता का जरा? हे कुणाचंच ऐकत नाहीत.”

भिंगरीच्या कमरेचं आणि पाठीचं हाड आता इतकं ठणकत होतं की चादर ओढली तरी ती किंचाळायची. दुखण्यावरच्या औषधांनी ती गुंगून जायची, पण ठणका जात नव्हता. वॉर्डातल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की दुखऱ्या हाडांवर किरणांचा शेक द्यावा. रोग जाणार नाही, पण दुखणं थांबेल. बापानं साफ नकार दिला होता. तो खाटेच्या दांडीला धरून उभा होता.

“पुन्हा किरण?” बाईंना पाहताच तो म्हणाला. “एकदा दिलेत तेवढे पुरे नाही झाले? आणि त्या सुईच्या कितीतरी पट द्यायचे म्हणतात. तुम्हीच सांगा, बरोबर आहे ना माझं? तुम्हीच तर कमी द्या, कमी द्या म्हणून सगळ्यांच्या मानगुटीवर बसता. मला सांगितलंय वॉर्डातल्या लोकांनी.”

बाईंनी खाटेवर पाहिलं. भिंगरी डोळे मिटून होती. ओठ चावून चावून त्यांवर खपली धरली होती.

“द्या,” बाई म्हणाल्या.

बाप त्यांच्याकडे बघत राहिला.

“मी कमी द्या म्हणते ते पुढच्या दिवसांसाठी. तिचा आजचा दिवस असा चाललाय. मोजायचं तर आता तिचं दुखणं मोजायचं.”

“तुम्ही तुमच्या पोरीला दिलं असतं?”

“मला पोर नाही. भाची आहे, माझ्या हाताखाली वाढलेली. तिला दिलं असतं. उद्यावर ढकललं नसतं.”

 तो खाली वाकला, पोरीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. ती ‘नको’ म्हणाली की ‘पाणी’ म्हणाली, कळलं नाही. मग त्यानं दांडी सोडली आणि नर्सला म्हणाला, “कुठं न्यायचंय?”

शेकाची आखणी करताना बाई स्वतः हजर राहिल्या. तो विभाग त्यांचा नव्हता, तरी कुणी हटकलं नाही. शेक झाल्यावर दोन-तीन दिवस तसेच गेले. मग ठणका उतरला. भिंगरी कुशीवर वळून झोपायला लागली. एकदा तर उठून बसली आणि बापाच्या पाठीवर बोटानं चित्रं काढली. तो ओळखायचा, मुद्दाम चुकीचं ओळखायचा. तिला घरी नेलं. घरीच गेली ती, दुपारची, आईच्या मांडीवर. आईनं फोनवर तेवढं सांगितलं, आणि म्हणाली, “दुखत नव्हतं हो तिला.” 

चौकशीत ठरलं की यापुढे मुलांची आणि मोठ्यांची औषधं एका वेळी भरायची नाहीत. सकाळ मुलांची, दुपार मोठ्यांची. लंबूला समज देऊन परत घेतलं. तो आला, पण मुलांना टोचायला हात धजेना. त्यानं आपणहून दुपारची पाळी मागून घेतली.

काही दिवसांनी भिंगरीचा बाप तळमजल्यावर आला. बाईंच्या दारात उभा राहून त्यानं विचारलं, “तो उंच माणूस आहे का?”

बाई सावध झाल्या. “काय काम होतं?”

“काम नाही. भेटायचं होतं.”

लंबू औषधाच्या खोलीतून बाहेर आला. दोघं समोरासमोर उभे राहिले. बापाच्या मुठी आवळल्या, सैल झाल्या.  लंबूनं भिंतीलगतची खुर्ची ओढून पुढे केली. बाप तिच्यावर बसला आणि त्यानं तोंड हातांत घेतलं. लंबू शेजारी जमिनीवरच बसला, लांब पाय पोटाशी घेऊन. बाईंनी आत जाऊन दुपारच्या पेशंटना निरोप पाठवला की आज थोडा उशीर होईल.